तात्पुरता पाऊस

६ ऑगस्ट २००७, सोमवार. अमरावती.
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.

काम मिळालं. अकोल्याच्या हिरवी वाट प्रतिष्ठानला शेतकऱ्यांसाठी कॉम्प्युटर गेम पाहिजे. पडद्यावर वावर असेल, त्यात पेरायचं, डवरायचं, फवारायचं, शेवटी कापूस वेचायचा. खेळता खेळता सुधारित शेतीचं शिक्षण. हल्ली पेपरात शेतीच्या ज्या बातम्या येतात त्या वाचून प्रतिष्ठानला काहीतरी करावंसं वाटतंय, असं तिथले टाले साहेब म्हणाले. मला विचारलं, जमेल का? मी म्हणालो, दिवाळीच्या आधी. त्यांचा अंजनगाव सुर्जीचा शेतकरी मेळावा, जिथे गेम दाखवायचा, २४ नोव्हेंबरला आहे, म्हणजे मधे मला दोन आठवडे आराम.

घरी अपेक्षाला सांगितलं. तिने विचारलं, तुम्हाला गेम बनवता येतो का? बायको झेडपीच्या शाळेत मास्तरीण असली की घरात अशी तोंडी परीक्षा चालूच असते.

७ ऑगस्ट
इंटरनेटवरून एका परदेशी गेमचा तयार सांगाडा उतरवला. गाव, माणूस, जनावरं सगळं त्यात आहे. आपण फक्त त्याच्या स्क्रिप्टच्या भाषेत काय घडायचं ते लिहायचं. दुपारी लाइट गेली, म्हणून मॅन्युअल कागदावर वाचलं. त्यातल्या अकराव्या पानाने माझं आयुष्य बदललं.

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं वाचून त्याचा गेम करणारा. पण त्याच्याही आधी एक प्रीप्रोसेसर असतो. कारकूनच म्हणा. त्याला #define लिहून सांगायचं की हा शब्द दिसला की तो काढ आणि त्या जागी हा ठेव. तो निमूट ठेवतो. का, कशाला, तुम्हाला येतं का, असं काही विचारत नाही. अडतीस वर्षांत असा माणूस मला पहिल्यांदा भेटला. या अदलाबदलीला मॅक्रो म्हणतात.

९ ऑगस्ट
निर्णय: पूर्ण गेम मराठीत लिहायचा. इंग्रजीच्या प्रत्येक शब्दाला मॅक्रोने मराठी शब्द द्यायचा. कंपायलरला देवनागरी कळत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. if ला jar. ‘तर’ला इंग्रजीत शब्दच लागत नाही, पण मराठी माणसाला ‘जर’नंतर ‘तर’ लागतोच. म्हणून #define tar असं लिहून पुढे मोकळं सोडलं. आता tar दिसलं की कारकून ते पुसून टाकतो. वाक्य मात्र भारदस्त दिसतं.

आज एकूण त्रेसष्ट मॅक्रो झाले.

१४ ऑगस्ट
दोनशे बारा मॅक्रो.

निखतने विचारलं, सर, गेम कधी सुरू करायचा? निखत आमच्या भुयार कॉम्प्युटर क्लासेसची एकमेव शिक्षिका. बीएस्सी. पठाण चौकात घर, वडिलांचं शिलाईचं दुकान. हुशार आहे, पण पाया आणि इमारत यांतला फरक तिला अजून कळत नाही. मी समजावलं की पाया चालू आहे. ती म्हणाली, बरं सर.

२० ऑगस्ट
सांगाड्यातला माणूस परदेशी योद्धा निघाला. हातात तलवार. निखतने त्याच्या डोक्याला रुमाल काढला, अंगात बंडी काढली. तलवार काही निघत नाही. तिला विळा म्हणायचं ठरवलं.

लांडग्याला शिंगं लावून रोही, म्हणजे नीलगाय, केला. आपल्याकडे पिकाला रोह्याचा त्रास आहेच. तेव्हा वावराला तारेचं कुंपण घालणं आलं. उद्या करतो. एका ओळीचं काम.

२२ ऑगस्ट
कुंपण होत नाही. तार लावली की १ मांडायचा, म्हणून tar = 1 असं लिहिलं. कंपायलर म्हणतो, बरोबरच्या चिन्हाच्या आधी काहीच नाही. मी डोळ्यांनी पाहतो आहे, आहे.

२५ ऑगस्ट
चार दिवस झाले. कंपायलरमध्ये दोष आहे अशी माझी खात्री झाली. परदेशातल्या फोरमवर सविस्तर पत्र टाकलं. एकाने उलट विचारलं की तू वर काय काय डिफाइन केलंय ते दाखव. मी उत्तर दिलं नाही. त्यांचा टोन बरोबर नव्हता.

२७ ऑगस्ट
निखतने पाहिलं. ‘तर’ आणि ‘तार’, इंग्रजी अक्षरांत दोन्ही सारखेच. कारकून दोन्ही पुसतो. ती म्हणाली, सर, तुमच्या ‘तर’नं तुमची तार खाऊन टाकली.

मी म्हणालो, तुझ्या लक्षात येतं का ते पाहत होतो. ती म्हणाली, बरं सर.

५ सप्टेंबर
पावसाची स्क्रिप्ट अवघड आहे. कधी पडायचा, किती पडायचा, मधे किती दिवस उघाड द्यायची. विचार करून डोकं दुखलं. शेवटी #define PAUS 1 लिहिलं. म्हणजे पाऊस आहे का असं स्क्रिप्टने कुठेही विचारलं की उत्तर ‘आहे’. तात्पुरतं. नंतर नीट बघू.

८ सप्टेंबर, शनिवार
सासरे बाजार समितीत आले होते, त्यांना क्लासवर घेऊन आलो. किसनराव. वलगावला पाच एकर, सगळी काळी जमीन. तज्ज्ञ सल्लागार म्हणून त्यांचं नाव मी रिपोर्टमध्ये टाकणार आहे, त्यांना सांगितलेलं नाही.

वावर त्यांच्याच वावरासारखं केलं. तीन एकर इकडे, दोन एकर नाल्यापलीकडे, म्हणून VAVAR या मॅक्रोची किंमत 3 + 2 अशीच लिहिली. एकरी चार क्विंटल कापूस. म्हणून उत्पन्न VAVAR * 4.

मामाजींनी खेळ पाहिला. पहिला प्रश्न, हा मानूस तलवार घेऊन वावरात काहून उभा? मी म्हणालो, विळा आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे पाहिलं. शेवटी कापूस अकरा क्विंटल आला. म्हणाले, ‘जवाईबुवा, पाच एकरात वीस निंगायले पायजे. अकरा काहून निंगून राह्यले?’ मी सांगितलं की कोरडवाहूचा आंतरराष्ट्रीय हिशोब असा असतो. ते म्हणाले, असंन.

१० सप्टेंबर
निखत म्हणते, कारकून बेरीज करत नाही, फक्त शब्द चिकटवतो. तीन अधिक दोन गुणिले चार. गुणाकार आधी होतो, म्हणून आठ अधिक तीन, अकरा. तीन एकराला एकरी एकच क्विंटल. कंस टाकायला पाहिजे होता. कंस न टाकण्यामागे माझा काही विचार होता. आता आठवत नाही.

१७ सप्टेंबर
निखतचे रोजे सुरू झाले. चार वाजता चहा नेहमीप्रमाणे दोन येतो. दोन्ही मीच घेतो. रमजानचा ताण माझ्यावरही पडतो आहे.

नवी व्यवस्था: स्क्रिप्ट निखत लिहील, मी मार्गदर्शन करीन. डायरेक्टर स्वतः कॅमेरा धरत नाही.

२३ सप्टेंबर, रविवार
मामाजी पुन्हा आले. आज तासभर खेळले. पेरलं, पाऊस आला. दुसऱ्या पट्ट्यात उशिरा पेरलं, तरी पाऊस आला. मग त्यांनी मुद्दाम भलत्याच वेळी पेरून पाहिलं. आलाच. पीक डोक्याएवढं. उठताना टोपी नीट केली आणि म्हणाले, ‘या गावात मले एक वावर पाहून द्या.’

निखत हसली, मग त्यांना पावसाचं काहीतरी विचारत दारापर्यंत गेली. एका जाणत्या शेतकऱ्याची ही दाद आहे. टाले साहेबांना पत्र टाकलं: प्रतिसाद उत्साहवर्धक.

२५ सप्टेंबर
अपेक्षाने एक पिशवी क्लासवर पाठवली. मामाजींची जुनी कॅलेंडरं. चौऱ्याऐंशी सालापासूनची, सगळी दोऱ्याने बांधलेली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पावसाचे ठिपके. एक ठिपका म्हणजे भुरभुर, दोन म्हणजे बरा, तीन म्हणजे नाला वाहिला. ठिपका नाही म्हणजे नाही. तेवीस वर्षं माणूस रोज संध्याकाळी ठिपके मांडतो आणि घरात कोणाला सांगत नाही, हे मला थोडं विचित्र वाटलं.

निखतला ती पिशवी पाहिजे होती. तिनेच अपेक्षाकडे मागितली म्हणे. सगळे ठिपके टाइप करून गेममध्ये घालायचे आहेत. मी परवानगी दिली. तिचा वेळ जाईल.

३ ऑक्टोबर
तिचं टाइपिंग चालू आहे. एकोणनव्वद सालापर्यंत आली. मधेच विचारते, सर, हे बघा, पूर्ण जुलै कोरा. मी बघतो. कोरा असतो.

१३ ऑक्टोबर
उद्या ईद. निखतने जाण्याआधी सगळं समजावलं. ठिपक्यांची वेगळी फाईल आहे, ती #include ने आत येते. फाईलचं नाव तिने kisanrao ठेवलं. स्क्रिप्टमध्ये वर एक ओळ आहे, CHACHANI. ती ओळ असेपर्यंत माझा रोजचा पाऊस. ती काढली की #if खालच्या बाजूला जातो आणि कॅलेंडरचा खरा पाऊस सुरू होतो. चाचणीला ठेवायची, मेळाव्याच्या सीडीआधी काढायची.

एक ओळ काढायची आहे. यात विसरण्यासारखं काही नाही. तरी हातावर लिहून घेतलं.

२० ऑक्टोबर, शनिवार. अकोला.
टाले साहेबांना गेम दाखवला. चाचणीवालाच होता, म्हणजे रोजच्या पावसाचा. साहेबांनी स्वतः पेरलं. पीक आलं. शेवटी तुतारी वाजली आणि पडद्यावर ‘अभिनंदन’ आलं. साहेब खुर्चीतच टाळ्या वाजवायला लागले. आणखी दोनदा खेळले, दोन्ही वेळा जिंकले. त्यांनी ठरवलं की मेळाव्यात जो जिंकेल त्याला स्टेजवर फवारणी पंप द्यायचा. वीस पंप सांगून ठेवले. प्रतिष्ठानच्या अध्यक्ष माणिकबाई स्वतः वाटणार.

पाऊस बदलणार आहे हे सांगावं की काय, असं मनात आलं होतं. पण साहेब आनंदात होते. तांत्रिक बाबी योग्य वेळी सांगाव्यात.

परतीच्या बसमध्ये निखतला सांगितलं. ती म्हणाली, सर, कॅलेंडरवर वीस लोक जिंकणं मुश्कील आहे. मी खेळून पाहिलं, तेवीस सालांत पाचदा जिंकले, तेही पुढचा पाऊस मला माहीत असून. मी म्हणालो, तू शेतकरी नाहीस.

९ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. ठरल्याप्रमाणे दिवाळीच्या आधी काम झालं. निखतने झालं म्हणून सांगितलं.

२१ नोव्हेंबर
आज ती ओळ काढली. स्वतः. फाईल उघडली, CHACHANI शोधलं, पुसलं, सीडी केली. बाकी फाईल पाहिली नाही. आपल्याच कामावर शंका घेत बसणं बरं नाही. अपेक्षाला सांगितलं की मी आठवणीने केलं. तिला खरंच आश्चर्य वाटलं.

२५ नोव्हेंबर, रविवार
कालचा मेळावा. जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

सकाळी दहाला मांडवात तीन कॉम्प्युटर लावले. बॅटरीच्या वायरी मीच जोडल्या. स्टेजवर वीस पंप रांगेत. रांगेतला पहिला माणूस पुंजाजी नावाचा, पथ्रोटचा. गेमने त्याला सत्त्याऐंशी साल दिलं. पेरलं. पाऊस नाही. त्याने दुबार पेरलं. दोन दिवस भुरभुर, पुन्हा नाही. पुंजाजी मागे वळून मोठ्याने म्हणाला, ‘अरे हे तं आपलं सत्त्याऐंशी व्हय! पेरलं तं जयलंच होतं ना बे!’ आणि सगळा मांडव हसला. मी आतापर्यंत असं हसणं ऐकलेलं नाही. चुकीचं काही झालं की माणसं हसतात, तसं नव्हतं.

मग गर्दी झाली. कोणी म्हणे, चौऱ्याण्णव लावा, त्या साली नाला घरात आला होता. एकाने त्याच्या लग्नाचं साल मागितलं. बाया पुढे आल्या. मामाजी वलगावहून आले होते, ते कॉम्प्युटरशेजारी उभे राहून सांगत होते की पोळ्यापर्यंत दम धर, पोळ्याले तीन ठिपके हायेत. ज्याने त्यांचं ऐकलं नाही तो हरला. ज्यांनी ऐकलं त्यातलेही बरेच हरले. रांग मांडवाबाहेर गेली. भाषणं ऐकायला पुढच्या खुर्च्यांत कोणी राहिलं नाही.

एक वाजेपर्यंत जिंकणारे शून्य. पंप वीस.

टाले साहेब आले. तोंड लाल. म्हणाले, भुयार, हे काय आहे? अकोल्यात तर सगळे जिंकत होते. शेतकरी हरताना दाखवायचा का आपण? तोही आपल्याच मेळाव्यात?

इथे मला तातडीने निर्णय घ्यावा लागला. मी सांगितलं की ही कॅलेंडरची कल्पना पूर्णपणे आमच्या निखत मॅडमची. स्क्रिप्ट त्यांची, फाईल त्यांची. माझा पहिल्यापासून विरोध होता. बाकीही बरंच बोललो, मांडवात आवाज असल्यामुळे थोडं मोठ्याने.

निखत मागे उभी होती. हातात चहाचे दोन कप. तिने माझा कप टेबलावर ठेवला आणि स्वतःचा तिथेच उभी राहून पूर्ण प्यायली.

तिने काय ऐकलं ते मला नक्की माहीत नाही. मांडवात आवाज होता.

थोड्या वेळाने माणिकबाई स्टेजवरून उतरून रांगेत उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, काठी घेऊन चालतात, कोणी पुढे जा म्हटलं तरी जाईनात. त्यांचा नंबर आला, त्याही हरल्या. मग विचारलं, हा पाऊस कोणी लिहिला? टाले साहेबांनी निखतला पुढे केलं. म्हणाले, सगळं या मॅडमचं आहे, भुयार सरांनी आत्ताच सांगितलं. मी खुलासा केला की मार्गदर्शन माझं होतं. साहेब म्हणाले, तुमचा तर विरोध होता.

निखत म्हणाली, पाऊस किसनकाकांनी लिहिला, मी फक्त टाइप केला.

एकच पंप दिला गेला. मामाजींना, कॅलेंडरांसाठी. त्यांना गुडघ्यामुळे स्टेज चढता येत नव्हतं, मी त्यांच्या वतीने जायला तयार होतो. माणिकबाई काठी टेकत खाली आल्या.

२६ नोव्हेंबर
निखत वेळेवर आली. सकाळची बॅच घेतली. मी म्हणालो, परवा मांडवात फार आवाज होता. ती म्हणाली, हो सर.

१ डिसेंबर
निखतला अकोल्याला प्रतिष्ठानमध्ये नोकरी लागली. आणखी गावांचा पाऊस गोळा करायचा आहे म्हणे. जाताना क्लासची किल्ली, खडूचा डबा आणि सी लँग्वेजची पोरं कुठपर्यंत आली त्याची वही देऊन गेली. माझ्या तालमीत तयार झालेली मुलगी.

अपेक्षाला तसं म्हणालो. ती ताटात भाजी वाढत होती, ती परत पातेल्यात टाकली.

५ डिसेंबर
संकल्प: गेमचा दुसरा भाग मी एकट्याने करणार. सोयाबीन.

आज फाईल पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचली. jar कुठेच नाही. tar नाही. सगळीकडे साधं इंग्रजी, जिथे तिथे कंस. माझ्या दोनशे बारा मॅक्रोंची फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली, पण ती आत घेणाऱ्या ओळीपुढे दोन तिरप्या रेघा. म्हणजे कंपायलरने ती वाचायचीच नाही. शेजारी तारीख: १८ सप्टेंबर. मार्गदर्शन सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशीची.

मी त्या रेघा पुसून कंपाईल केलं. एकशे चार एरर.

रेघा परत टाकल्या. शून्य.

६ डिसेंबर
लाइट नव्हती. असती तरी काही लिहिण्यासारखं नव्हतं.

२१ डिसेंबर
बकरी ईद. निखत सुट्टीत घरी आली आहे असं कळलं. ठरवलं की पठाण चौकात जायचं, मुबारक म्हणायचं, आणि मांडवातल्या त्या गोष्टीबद्दल जे म्हणायचं ते दोन वाक्यांत म्हणून टाकायचं. दोन्ही वाक्यं वाटेत पाठ केली.

तिच्या वडिलांनी बसवून घेतलं. शिलाई मशीनला कोणतं तेल चांगलं, भारनियमनात पायाची मशीन कशी बरी, यावर तासभर बोलणं झालं. मीच जास्त बोललो. चहा झाला, शेवया झाल्या. निखत समोरच बसली होती. वाक्यं तोंडापर्यंत दोनदा आली. दोन्ही वेळा मी आणखी तेलाबद्दल विचारलं.

दारापर्यंत सोडायला ती आली. म्हणाली, सर, गेम गावोगाव न्यायचाय, बॅटरी आणि वायरीचं काम कोणाला जमत नाही. मेळाव्यात दिवसभर एकदाही कॉम्प्युटर बंद पडला नाही. टाले साहेबांना मी तुमचं नाव सांगितलंय. चालेल ना?

मी म्हणालो, डायरी बघून सांगतो.

३ जानेवारी २००८
क्लासमध्ये आता चार पोरं. त्यातला पियुष हुशार आहे. काल त्याने विचारलं की मॅक्रो आणि फंक्शनमध्ये फरक काय. मी म्हणालो, चांगला प्रश्न आहे, उद्या. आज त्याने विचारलं नाही, उलट मलाच समजावून सांगितला. बरोबर वाटत होता.

दुपारी टाले साहेबांना फोन करून होकार दिला. फिल्ड डायरेक्टर असं पद त्यांच्याकडे नाही, पण कामाचं स्वरूप साधारण तेच. अपेक्षाने विचारलं, काय काय करायचं असतं? मी म्हणालो, समन्वय.

११ फेब्रुवारी, सोमवार. धारणीच्या पुढे.
परतवाड्यावरून जीपने साडेचार तास. घाटात दोनदा उतरून ढकलावी लागली. कॉम्प्युटर पूर्ण वेळ मांडीवर. पाय अजून बधिर आहेत.

समाजमंदिरात लोक जमले होते. बचत गटाच्या अध्यक्ष दुर्गाबाई यांनी सगळ्यांना रांगेत बसवलं होतं, बाया पुढे, माणसं मागे. निखतने इथल्या पावसाची वेगळी फाईल दिली आहे, इथल्याच लोकांना विचारून विचारून लिहिलेली. मी टेबलाखाली बॅटरीशी वाकलो होतो. दुर्गाबाई वाकून पाहायला लागल्या.

‘हे तुमीच बनवलं का भाऊ?’

रांगेतले सगळे ऐकत होते. इथे मला ओळखणारं कोणी नव्हतं. ड्रायव्हरही बाहेर बिडी ओढत होता.

मी म्हणालो, नाही. आमच्या निखत मॅडमनी बनवलंय.

‘मंग तुमी काय करता?’

मी म्हणालो, मी वायर जोडतो.

त्यांनी जरा विचार केला. मग मागे वळून सगळ्यांना सांगितलं की थांबा, भाऊ वायर जोडून राह्यले. आणि मला म्हणाल्या, ‘जोडा मंग. लोकं बसले हायेत.’